चारचौघांत माणूस : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं नाशिकची आहेत, आणि त्यांतली तक्रार जवळजवळ एकच आहे. एकेकटी भेटली की माणसं समंजस असतात, जमली की काहीतरी बिनसतं. समाजमानसशास्त्र याकडे जरा वेगळं पाहतं. स्वभाव तोच राहतो. बदलतं ते एवढंच : समोर काय दिसतंय, आपल्याआधी कोण बोललं, आपलं नाव कुणाला कळणार आहे का. या गोष्टी हाताळता येतात, म्हणून उत्तरांत आम्ही मांडणीवरच भर दिला आहे.

प्रश्न : आमची सोसायटी ४२ फ्लॅटची. वार्षिक सभेत गच्चीवर सोलर बसवायचा ठराव आला, अध्यक्षांनी माहिती दिली, सगळ्यांनी हात वर केले. वर्गणी मागायला गेलो तर दहा-बारा जण म्हणतात, "आम्हाला पटलंच नव्हतं." मग हात का वर केला? लोक एवढे खोटे वागतात का? (सचिव, इंदिरानगर)

त्यांच्यावर खोटेपणाचा शिक्का मारू नका. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. कार्डावर एक रेघ, शेजारी तीन रेघा. तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, ते सात-आठ जणांनी एकामागून एक मोठ्याने सांगायचं. यांतला खरा सहभागी एकच, बाकीचे आधीच ठरवून आलेले. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत त्यांनी एकमुखाने चुकीचं उत्तर दिलं. एकट्याने उत्तर देताना शंभरात एक चूकही होत नव्हती. गटात मात्र त्या फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं चुकली. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटाबरोबर वाहून गेले, आणि एक चतुर्थांश शेवटपर्यंत डगमगले नाहीत. रेघांसारख्या उघड गोष्टीत हे होतं, तर इन्व्हर्टर आणि नेट मीटरच्या चर्चेत काय होईल!

तुमच्या सभेत आणखी एक गोष्ट घडली. प्रत्येकाच्या मनात शंका होती. पण बाकीचे गप्प आहेत म्हणजे त्यांना पटलंय, असा प्रत्येकाने अर्थ लावला. बाकीचेही नेमके ह्याच कारणाने गप्प होते. याला सामूहिक गैरसमज म्हणता येईल. १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात हाच नमुना दिसला. कॅम्पसवरच्या मद्यपानाबद्दल बहुतेकांना मनातून अस्वस्थ वाटत होतं, आणि इतरांना मात्र ते चालतंय असं प्रत्येक जण धरून चालला होता.

अ‍ॅश यांच्याच प्रयोगात उपायही आहेत. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचं म्हटल्यावर दबाव पुष्कळ उतरला. खोलीत एक जरी सोबती खरं बोलणारा मिळाला, तरी चुका साधारण पाव हिश्श्यावर आल्या. गंमत म्हणजे सोबत्याचं उत्तर बरोबर असायचीही गरज नव्हती. त्याने बहुमताहून वेगळं काही बोलावं, एवढं पुरे होतं. एकमत फुटणं महत्त्वाचं.

म्हणून पुढच्या सभेत चर्चेच्या आधी कोरे कागद वाटा. प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहा. "हो", "नाही" आणि "आणखी माहिती हवी" असे तीन पर्याय द्या. हा तिसरा पर्याय विसरू नका, खरी शंका तिथेच उतरते. खाली एका ओळीत कारण लिहायला सांगा. दोन-तीन मिनिटं पूर्ण शांतता. चिठ्ठ्या डब्यात टाकून, मिसळून, समितीबाहेरच्या कुणाला तरी मोठ्याने वाचू द्या. त्यानंतर चर्चा, आणि हात वर करून रीतसर ठराव सर्वांत शेवटी. अध्यक्षांनी आपलं मत शेवटी सांगावं. त्यांनी आधी सांगितलं की उरतो तो होकार.

यात हमखास होणारी चूक म्हणजे चिठ्ठ्या घ्यायच्या आणि "नाही"वाल्यांचं अक्षर ओळखायचा खेळ सुरू करायचा. तसं एकदा झालं की पुढच्या वर्षी सगळ्या चिठ्ठ्यांवर "हो" येईल.

प्रश्न : आमच्या ढोल पथकात ६० जण आहेत. वाजवायला सगळे, पण दोऱ्या ओढणं, पानं बदलणं, टेम्पो भरणं ही कामं तेच आठ जण करतात. "आपलं पथक, आपलं काम" हे रोज सांगतो. दंड लावावा का? (पथकप्रमुख, पंचवटी)

दंडाचं नंतर बघू. तुमच्या पथकाला चपखल बसेल असा एक प्रयोग आवाजाचाच आहे. १९७९ मध्ये बिब लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना जमेल तितक्या जोराने ओरडायला सांगितलं. एकट्याचा जोर १०० धरला तर दोघांच्या गटात माणशी आवाज ६६ वर आला, सहांच्या गटात ३६ वर. यातला काही भाग सूर-ताळ न जुळण्याचा असणार. तो वेगळा काढायला त्यांनी डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावून, प्रत्यक्षात एकट्यालाच ओरडायला लावलं. "तुझ्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत" एवढाच समज करून दिला. तरीही जोर ७४ वर घसरला. म्हणजे ६४ अंकांच्या घसरणीत सुमारे २६ जोर कमी लावल्याचे, आणि उरलेले मेळ न बसल्याचे. तुमचे सराव मेळ बसवतात. जोराचं दुखणं सरावाने जात नाही.

त्याला पुढच्याच अभ्यासात औषध सापडलं. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर ही कामचुकारी जवळजवळ नाहीशी झाली. बक्षीस नाही, शिक्षा नाही. कुणाचा वाटा किती हे दिसलं, एवढंच.

"आपलं काम" या शब्दांत नेमकं हेच हरवतं. ६० जणांचं काम कुणाचंच नसतं. पाच-पाच जणांचे बारा गट पाडा. ढोलांवर रंगाने क्रमांक घाला आणि प्रत्येक गटाला ठरावीक ढोल नावाने द्या. काम सांगताना वस्तू, वेळ आणि माणूस तिन्ही आली पाहिजेत : "ढोल ११ ते १५, शनिवारी सहा वाजेपर्यंत पानं तपासून दोऱ्या ओढलेल्या, गट तीन." सरावाच्या जागी फळा लावा. काम झालं की गटातल्याने स्वतः खूण करायची. पाचाहून मोठा गट करू नका, आठ-दहांत पुन्हा लपायला जागा होते.

इथे एक मोह होईल : त्या आठ कष्टाळूंना आठ गटांचे प्रमुख करायचं. करू नका. ते सवयीने सगळं स्वतःच करतील आणि बाकीचे चौघे निवांत बघत राहतील. त्या आठांतल्या चौघांना एकाच गटात ठेवा, उरलेल्या चौघांना वेगवेगळ्या गटांत साधे सदस्य म्हणून टाका.

आता दंड. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळं वाटायचं. दंड आल्यावर ती विकत मिळणारी सोय झाली. नंतर दंड काढला, तरी उशीर खाली आला नाही. तुमच्याकडे पन्नास रुपये टाकून टेम्पो भरण्यातून सुटणारे निघतील, आणि आठ जणांच्या वाट्याला आज येणारा मान जाऊन हमाली उरेल. म्हणून आमचं उत्तर स्पष्ट "नको" असंच आहे.

ताशावर नवीन आलेल्या मुलांबद्दलही एक सांगतो, कारण "सगळ्यांसमोर वाजवलं की आपोआप येतं" हा समज सर्रास आढळतो. रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की बघणारे असले की पक्कं बसलेलं कौशल्य खुलतं आणि कच्चं आणखी बिघडतं. हात बसेपर्यंत नवख्यांचा सराव बाजूला, दोघा-तिघांतच ठेवा.

प्रश्न : गोदाघाटावर आमच्या मंडळाने फलक लावला : "रोज शेकडो लोक इथे निर्माल्य आणि प्लास्टिक टाकतात. लाज बाळगा!" फरक शून्य. (कार्यकर्ती, जुने नाशिक)

फलकाचं पहिलं वाक्य काढून टाका. "शेकडो लोक टाकतात" यातून वाचणाऱ्याला कळतं की इथे टाकायची पद्धत आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात अश्मीभूत लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. "पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी लाकडं नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं" अशा पाटीपाशी खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले. "कृपया लाकूड नेऊ नका" एवढंच लिहिलं होतं, तिथे २ टक्क्यांहून कमी.

"या घाटावर येणारे निर्माल्य कलशात टाकतात. कलश उजवीकडे, वीस पावलांवर." असं लिहा. पण आधी वीस पावलांवर कलश खरोखर ठेवा, आणि तो ओसंडू देऊ नका. भरून वाहणारा कलश हाही एक फलकच असतो. आणि बहुतेक लोक कलशात टाकत नसतील तर "टाकतात" असं लिहू नका. लोक डोळ्यांनी बघतात आणि पुढच्या फलकावरचाही विश्वास जातो. अशा वेळी फक्त विनंती आणि दिशा पुरे.

प्रश्न : द्वारका चौकात दुचाकीवाला पडला. तीसेक माणसं जमली, काही मोबाइल काढून उभे. पाच मिनिटं कुणी पुढे झालं नाही. माणुसकी संपली का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिकरोड)

तुमची तळमळ समजते. पण तीस माणसं होती, हेच बऱ्याच अंशी कारण असू शकतं. डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये इंटरकॉमवर एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत होता तेव्हा त्या आवाजादरम्यानच मदतीला उठणारे ८५ टक्के होते. आणखी एक जण ऐकतोय असं वाटलं तर ६२, आणि आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तर ३१. न उठलेले निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, घाम आला होता. "कुणीतरी गेलं असेल" आणि "मी गेलो तर चुकेल का" या दोन्हींत ते अडकले होते.

याच्या मुळाशी सांगितली जाणारी १९६४ ची न्यूयॉर्कची किटी जेनोव्हीज हिच्या खुनाची हकीकत, ३८ जणांनी बघत राहिल्याची, तशी घडली नव्हती हे पुढे सिद्ध झालं. २०१९ मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांतलं रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं गेलं. दहातल्या नऊ घटनांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. तेव्हा माणुसकीबद्दल इतक्यात निकाल देऊ नका.

तुम्ही तिथे असाल तर "कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" असं ओरडू नका. "कुणीतरी" म्हणजे कुणीच नाही. एकाकडे बोट दाखवा : "निळा शर्ट, दादा, तुम्ही १०८ लावा आणि लागला की मला सांगा." दुसऱ्याला : "काका, तुम्ही मागची वाहनं थांबवा." मोबाइलवाल्यालाही काम द्या, टॉर्च धरायला सांगा. पहिली दोन माणसं हलली की बाकीची हलतात, कारण आता हा अपघात आहे आणि मदत करायची असते हे सगळ्यांना दिसलेलं असतं. जखमीला ओढून उचलू नका, पाणी पाजू नका, हेल्मेट हिसकू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. पोलिसांच्या चौकशीची धास्ती असेल तर हेही माहीत असू द्या : २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही.

प्रश्न : साताऱ्यातून बदलून सातपूरच्या कारखान्यात आलो. पहिली आणि दुसरी पाळी एकमेकांचे वैरी. समेट म्हणून एकत्र जेवण ठेवलं, तिथेही टोमणे. (सुपरवायझर)

नुसतं एकत्र आणल्याने वैर वाढूही शकतं. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या शिबिरात २२ मुलांचे दोन संघ करून स्पर्धा लावल्या, वैर पेटलं. मग एकत्र जेवू घातलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वैर उतरलं ते दोघांनाही नडणाऱ्या अडचणींतून. पाण्याची जोडणी बिघडली ती मिळून शोधायची, सिनेमासाठी पैसे मिळून काढायचे, बंद पडलेला ट्रक मिळून ओढायचा. एका प्रसंगाने भागलं नाही, असे अनेक लागले. हेही सांगितलं पाहिजे की १९५३ चा त्यांचा आधीचा प्रयत्न फसला होता. मुलं भांडायला तयारच होईनात. म्हणजे वैर हा माणसाचा अटळ धर्म नाही, ते बऱ्याचदा मांडणीतून उभं राहतं.

तुमच्याकडे ते कदाचित फळ्यावरून उभं राहत असेल. पाळीनिहाय उत्पादन आणि रिजेक्शनचे आकडे शेजारी-शेजारी लावले असतील, तर प्रत्येक पाळी बिघडलेलं सेटिंग पुढच्या पाळीच्या गळ्यात मारणार. आकडा पाळीवार न लावता मशीनवार, चोवीस तासांचा लावा. पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोघांनी मशीनसमोर उभं राहून शेवटचा तुकडा एकत्र मोजायचा आणि एकाच वहीत दोघांनी सही करायची. दर महिन्याला दोघे-दोघे अदलाबदल करा. आणि बोनसचा आधार पाळी असेल तर यातलं काहीच टिकणार नाही, ते आधी वरिष्ठांशी बोला.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात स्वयंसेवक म्हणून काम करायचं आहे. "गर्दी वेडी होते, तिला धाकात ठेवा" असं सांगतात. ते बरोबर का? आणि नेमकं काय बघायचं? (पंचवटी कारंजा परिसर)

बरोबर नाही, आणि धोक्याचं आहे. गर्दीत माणूस अक्कल गमावतो हे फ्रेंच विचारवंत गुस्ताव्ह ल बाँ यांचं १८९५ चं मत. नंतरच्या अभ्यासांनी ते फारसं टिकू दिलं नाही. लंडनच्या ७ जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी जॉन ड्रुरी आणि सहकारी बोलले, तेव्हा धुराने भरलेल्या डब्यांतही अनोळखी माणसांनी एकमेकांना सावरल्याचं दिसलं. संकट एकच आहे हे कळलं की "आपण" तयार होतं. प्रयागच्या माघ मेळ्यात स्टीफन राइशर आणि भारतीय सहकाऱ्यांनी केलेलं काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. कडाक्याची थंडी, गर्दी आणि गोंगाटात महिनाभर व्रत म्हणून राहिलेल्या कल्पवासींना, गावीच राहिलेल्यांच्या तुलनेत, आपली तब्येत सुधारल्याचं जाणवत होतं.

मग माणसं मरतात कशाने? जागेअभावी. "भगदड" या हिंदी शब्दात धावणं आहे. आपल्या "चेंगराचेंगरी" या शब्दात दाबलं जाणं आहे, आणि तोच खरा. छातीवर चारही बाजूंनी दाब आला की फुप्फुसं फुलत नाहीत, माणूस उभ्या-उभ्या काही मिनिटांत गुदमरतो. पाठीमागच्या माणसाला पुढचं दिसत नाही. तो ढकलतोय हे त्याला माहीतही नसतं. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकमध्ये रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ भाविक गेले. त्यांना "वेडी गर्दी" म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

बघायचं ते हे. वाटेवर चुन्याने दोन मीटर बाय दोन मीटरचे चौकोन आखून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी त्यातली डोकी मोजा. आठपर्यंत लोक मोकळे चालतात. सोळाला सावध व्हा. विसाला, म्हणजे चौरस मीटरला पाच, मागून येणारा लोंढा थांबलेलाच असला पाहिजे. चौरस मीटरला सात झाले की गर्दीचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांच्या निरीक्षणानुसार गर्दी पाण्यासारखी वागते. लाटा उठतात, माणसं जागेवरून तीन मीटर किंवा अधिकही फेकली जातात. त्या वेळी कुणाच्या शिस्तीला अर्थ उरत नाही.

हिशेबही करून ठेवा. ब्रिटनच्या क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर दर मीटर रुंदीमागे मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं धरतात, पायऱ्यांवर ६६. पाच मीटरची गल्ली म्हणजे मिनिटाला ४१०, तेही सर्वांत अरुंद जागा पाच मीटर असेल तर. चपलांचं दुकान एक मीटर पुढे आलं की ३२८. डोक्यावर बोचकं, हाताला म्हातारी आई असलेल्या माणसांत आकडा आणखी खालीच धरा. आता मिनिटाला ५०० येताहेत आणि ४०० जाताहेत असं समजा. दहा मिनिटांत हजार जण साचले. पन्नास मीटर गल्लीचं क्षेत्र २५० चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला चार माणसं वाढली. शांत गल्ली दहा मिनिटांत जीवघेणी होते, ती अशी.

म्हणून थांबवायचं ते मागे, मोकळ्या जागी, उताराच्या वर. पुढे दोरी धरून लोंढा अडवणं हीच सर्वांत मोठी चूक. जाणारी आणि येणारी वाट एकच असू देऊ नका. प्रसाद वा नाणी उधळू देऊ नका, कारण वाकलेला माणूस पुन्हा उभा राहू शकत नाही.

आणि बोलायचं कसं? "घाबरू नका" म्हणू नका, त्यातून घाबरण्यासारखं काही आहे एवढंच कळतं. कारण, वेळ आणि पुढे काय, हे तिन्ही सांगा : "माउली, पुढे कुंडावर जागा नाही. दहा मिनिटं इथेच थांबायचंय. मोकळं झालं की आधी आपल्यालाच सोडणार आहोत." मराठीत आणि हिंदीत, दर पाच मिनिटांनी, काही नवीन नसलं तरी. लोकांत घबराट होईल म्हणून माहिती दडवली जाते. प्रत्यक्षात माहिती न मिळालेली माणसं अफवेवर चालतात. दिलेली वेळ मात्र पाळा. तिसऱ्यांदा "दहा मिनिटं" म्हटलंत की तुमचा आवाज ऐकणारं कुणी उरणार नाही.

स्वतः दाबात सापडलात तर हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीपुढे घ्या, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. ओरडण्यात हवा घालवू नका. लाटेला छातीने अडवू नका. ती ओसरली की तिरकं, कडेकडे एकेक पाऊल सरका. भिंत किंवा बॅरिकेड पाठीशी येणार असेल तर मात्र त्या बाजूला जाऊ नका. पडलेली चप्पल, पिशवी, मोबाइल तिथेच राहू द्या. लहान मूल असेल तर त्याला जमिनीवर उभं न ठेवता वर उचलून घ्या, आणि घरून निघतानाच सगळ्यांना एक भेटायची जागा सांगून ठेवा, फोन लागणार नाही असं धरून.